डावीकडून तिसरे सयाजीराव

म्हैसूरपासून समुद्र इतका लांब आहे की आमच्या समाजातल्या निम्म्या लोकांनी तो लग्नानंतर, मंगळूरला, चपला हातात घेऊन पहिल्यांदा पाहिला. तरी आमच्या मराठा छत्रात, म्हणजे आमची लग्नं लागतात त्या हॉलात, स्टेजच्या उजवीकडच्या भिंतीवर आरमारी लढाईचं भलंथोरलं तैलचित्र आहे. सतराशे त्र्याऐंशी साली कडलूरच्या किनाऱ्यासमोर इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांवर तोफा डागताहेत. जहाजं, धूर, फाटकी शिडं, पाण्यात तरंगणारं एक लाकूड. हे चित्र आमच्याकडं कसं आलं ते नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं, एका गोऱ्या साहेबानं बंगला सोडताना भेट दिलं. कुणी म्हणतं, साहेबानं बंगला सोडला आणि आपण उचललं. साहेबानं बंगला सोडला, एवढ्यावर एकमत आहे.

आमचा त्या लढाईशी संबंध असा, की एका फ्रेंच जहाजाच्या डेकवर, डावीकडून तिसरा, लाल पागोटं घातलेला एक माणूस उभा होता. गव्हाळ चेहरा, काळी मिशी, कमरेला पांढऱ्या मुठीची कट्यार. तो म्हणजे आमचे पूर्वज, सयाजीराव घाटगे, तेव्हा फ्रेंचांच्या बाजूनं असलेल्या म्हैसूरच्या फौजेतले सिलेदार. सिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन लढायला येणारा. मी लहानपणी अज्जांना, म्हणजे आजोबांना, विचारलं होतं, घोडेस्वार जहाजावर काय करत होता?

"लढत होता," अज्जा म्हणाले.

"आणि घोडा?"

"खालच्या मजल्यावर बांधला होता."

माझे अज्जा, भुजंगराव घाटगे, वीज खात्यात मीटर वाचायचे. सगळी नोकरी लोकांच्या जिन्याखाली वाकून काढली. खात्यानं बढती दिली नाही, घरात अज्जीनंही दिली नाही. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, ते आख्ख्या समाजाच्या पुढं उभे राहायचे. आमच्याकडं आयुधपूजा म्हणजे जे जे चालतं, कापतं किंवा आवाज करतं त्याची पूजा. छत्रात त्या दिवशी तलवारी, भटारखान्यातला ग्राइंडर, जनरेटर आणि भटजींची स्कूटर एका ओळीत मांडतात. चित्रातल्या तोफा हीसुद्धा आयुधंच, म्हणून त्यांनाही बोट लावायचं. तोफांना पाण्यात कालवलेलं कुंकू, ते दुसऱ्या दिवशी झडून जातं. पण सयाजीराव घरचे. त्यांना तुपातलं. आधी हळद, वर कुंकू, मग अक्षता, मग निरांजन अगदी तोंडाजवळ नेऊन ओवाळायचं. हा मान फक्त घाटग्यांचा. अज्जांचं झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी ताटाला हात लावायचा नाही.

दुसरे म्हणजे मालोजीराव सुर्वे, समाजाचे अध्यक्ष. पाइप आणि नळांचे मोठे व्यापारी. त्यांनी छत्राला लिफ्ट दिली, पंखे दिले, मुतारीसुद्धा दिली आणि तिच्यावर वडिलांचं नाव घातलं. पण आयुधपूजेला त्यांना अज्जांच्या मागं उभं राहावं लागे, कारण चित्रात त्यांचं कुणी नव्हतं.

या वर्षी छत्राची शंभरी. मालोजीराव आमच्या घरी आले आणि अज्जांना, ज्यांना सगळा समाज मामा म्हणतो, म्हणाले, "मामा, चित्र स्वच्छ करून घेऊ म्हणतोय. फार धूर बसलाय."

"लढाई आहे ती. धूर असणारच."

"तसा नव्हे हो मामा. उदबत्तीचा धूर. माझ्या विजयनगरच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, पुण्याची. जुनी चित्रं साफ करायचंच शिकून आलीय. म्हणे अशीच चित्रं मरतात."

अज्जांनी अट घातली. साफ करा, पण खाली पितळी पाटी लावायची, सयाजीरावांच्या नावाची. मालोजीराव लगेच हो म्हणाले. पाटी करायचं काम माझ्याकडं आलं. मी मेटगळ्ळीला एका कारखान्यात तपासनीस आहे. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढायचा मला पगार मिळतो. शेजारच्या वर्कशॉपमधून मी पाटी कोरून आणली. मजकूर अज्जांचा, तीन भाषांत. मराठीत 'डावीकडून तिसरे : सरदार सयाजीराव घाटगे'. कन्नडमध्ये सरदाराचे दळवाई झाले होते, म्हणजे सेनापती. इंग्रजीत अ‍ॅडमिरल. मी तपासून घेतलं. पाटीत खोट नव्हती, अक्षरं सरळ होती.

मालोजीरावांची ती भाडेकरू, आभा, पितृपंधरवड्यात कामाला लागली, कारण तेव्हा छत्रात लग्नं नसतात. चित्र उतरवून वधूच्या खोलीत ठेवलं होतं. आभा आरशासमोर दिवा लावून, डोळ्यावर भिंग चढवून, कापसाच्या बोळ्यांनी समुद्र पुसत बसायची. अज्जा रोज सकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचे. पुण्याची मराठी कानावर पडली की अज्जा शर्टाचं वरचं बटण लावतात.

"आजोबा, तुम्ही दमाल हो. घरी जा ना."

"नको बाई. मी आहे हितंच. तुमचं चालू दे."

समुद्र आम्हाला पिढ्यान् पिढ्या तपकिरी माहीत होता. तो निळा निघाला. आकाश उजळलं. आमच्या घरात ही लढाई कातरवेळची समजत होते, ती भर दुपारची निघाली. अज्जांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं. "दुपारी लढणं जास्त अवघड," ते म्हणाले. "ऊन असतं."

माझ्या सुट्टीच्या दिवशी अज्जा जेवायला घरी गेले होते आणि मी त्यांच्या खुर्चीत मोबाइल बघत होतो. आभा म्हणाली, "पुनीत, जरा इकडे या. आणि दार लावून घ्या."

वधूच्या खोलीत दार लावून घ्या असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी गेलो. तिनं भिंग माझ्या हातात दिलं.

"हे पागोटं कुंकवाचं आहे."

"म्हणजे कुंकवाच्या रंगाचं?"

"नाही. कुंकूच आहे. तुपातलं."

मी भिंगातून पाहिलं. "आणि चेहरा?"

"हळद."

"मिशी?"

"निरांजनाची काजळी."

"कट्यार तरी?"

तिनं चिमट्यानं कट्यारीची मूठ हलवली. ती सुटून आली. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. मी उजेडात धरून तपासली. तांदूळ होता. सोना मसुरी, थोडा जुना.

"म्हणजे चित्रकारानं इथं कुणीच काढलेलं नाही?"

"काढलंय ना. खाली." तिनं एक निराळा दिवा लावला, निळसर उजेडाचा. सयाजीरावांच्या पोटात काहीतरी अंधूक दिसायला लागलं. "मी दोन दिवस बघतेय. आधी वाटलं वाकलेला खलाशी असेल. पण चार पाय आहेत. आणि शिंगं."

मी परत भिंगाला डोळा लावला.

"शेळी आहे," आभा म्हणाली. "जहाजावर ठेवायचे त्या काळी, दुधासाठी."

मग तिनं सगळं नीट सांगितलं. दरवर्षी एक बोट हळद, एक बोट कुंकू, चार दाणे अक्षता आणि तुपाचा थर. चार पिढ्या. माणूस आपोआप तयार झाला. कुणी ठरवून केला नाही. पहिल्या वर्षी कुणाचं तरी बोट तोफेवरून घसरून शेळीवर पडलं असेल, एवढंच. तिनं कडेला तपासून बघितलं तेव्हा उजवा खांदा थोडा निघाला, त्याबद्दल तिनं माफी मागितली.

"हरकत नाही," मी म्हणालो. "घरी सांगतात की त्यांना गोळी उजव्या खांद्यालाच लागली होती."

"पुनीत, मी हे सगळं काढू शकते. किंवा आहे तसं ठेवून वरून वार्निशचा हात देऊ शकते. कुणाला काही कळणार नाही. पण हे मी ठरवायचं नाही. ज्यांचे ते आहेत त्यांनी ठरवायचं."

ज्यांचे ते होते ते घरी ताक-भात खात होते. मला दिसत होतं ते साधं होतं. सयाजीराव गेले की पाटी गेली. पाटी गेली की मान गेला. मान गेला की अज्जा म्हणजे जिन्याखाली वाकणारा म्हातारा, बस.

मी अज्जीला सांगितलं. नर्मदाबाई घाटगे भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"शेळी?"

"हौदु, होय. शेळी."

"बोकड नव्हे?"

"आभा म्हणते दुधासाठी होती. म्हणजे शेळीच."

अज्जी खाली बसली. मला वाटलं घराण्याचं दुःख झालं. पण तिला वेगळंच दिसत होतं. सर्वपित्री अमावास्येला, जिला आम्ही मार्लमी म्हणतो, आमच्याकडं पितरांना मटणाचं पान वाढतात. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी अज्जी ते पान घेऊन छत्रात जायची आणि सयाजीरावांपुढं ठेवायची.

"अय्यो देवा," ती म्हणाली. "बोकडाचं मटण शेळीपुढं ठेवलं की रे मी. विधवेपुढं तिच्या नवऱ्याचं पान वाढलं."

"अज्जी, चित्र आहे ते."

"सुम्ने, गप बस! तू काय सांगतोस मला. आणि त्यांना सांगू नको हां. जीव सोडतील."

अज्जांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं, आणि अमावास्येपर्यंत ते टिकलंही. अमावास्येला अज्जा धोतर नेसून जेवणाच्या खोलीत आले. केळीच्या पानावर भात, भोपळ्याची भाजी, अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ आणि पायसम.

"मटण कुठं?"

"नाही केलं."

"का? बाजार बंद होता?"

"मला नाही ठेवायचं शेळीपुढं मटण," अज्जी म्हणाली, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. पण तोवर वाक्य बाहेर येऊन पानाशेजारी बसलं होतं.

अज्जांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कोण शेळी?"

मी सांगितलं. पागोटं, मिशी, तांदूळ, सगळं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला. मग म्हणाले, "स्कूटर काढ."

आभा काम आवरून निघायच्या बेतात होती. अज्जांना बघून तिनं परत दिवा लावला. अज्जांनी वाकून भिंगातून पाहिलं. वाकायची त्यांना सवय होती. मीटरचा आकडा वाचावा तसं एक डोळा मिटून ते बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, खाली जे आहे ते खरं?"

"चित्रकारानं काढलेलं आहे, आजोबा. त्या अर्थानं खरं."

"आणि वरचं?"

"वरचं तुम्ही काढलंय."

"मी एकट्यानं नाही. माझ्या वडिलांनी, आज्यानं..."

"हो ना. सगळ्यांनी मिळून. तसं बघितलं तर या चित्रात सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेलाय."

मी म्हणालो, "अज्जा, वार्निश मारून ठेवता येतं म्हणे. कुणाला कळायचं नाही. मालोजीरावांना तर नाहीच."

अज्जा खुर्चीत बसले. आरशात त्यांच्या मागं मी आणि आभा दिसत होतो. नवरीला सजवून झाल्यावर घरचे उभे राहतात तसे.

"हे बघ पुनीत," ते म्हणाले. "माझ्या बापानं मला सांगितलं ते त्याला खरं वाटत होतं. मी तुझ्या बापाला सांगितलं ते मला खरं वाटत होतं. आजपर्यंत आमच्या घरात कुणी खोटं बोललेलं नाही. आता या बाईनं मला दाखवलं. आता परवा त्या स्टेजवर उभं राहून मी म्हटलं, हे आमचे सयाजीराव, तर ते पहिलं खोटं. आणि ते माझं." मग आभाकडं वळून म्हणाले, "काढा."

आधी मिशी गेली. मग पागोटं. चेहरा बराच चिवट होता. अज्जा शेवटपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत. खालून शेळी निघाली. पांढरी, एक कान काळा, तोंडात गवताची काडी. जहाजावर सगळे धावत होते, पडत होते, ओरडत होते. ती एकटी आमच्याकडं बघून रवंथ करत होती. शंभर वर्षं अंधारात काढल्यावर उजेडात आलेल्या प्राण्याला जेवढं आश्चर्य वाटायला हवं त्यातलं काही तिच्या तोंडावर नव्हतं.

"कमाल आहे," आभा म्हणाली. "बाकी चित्र किती उडालंय बघा. हिचा रंग जसाच्या तसा. तुपानं राखलं हिला."

अज्जांनी कापसाचे ते लाल-पिवळे बोळे फेकू दिले नाहीत. स्टीलच्या डब्यात भरून घेतले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना श्रीरंगपट्टणला घेऊन गेलो, जिथं कावेरी पश्चिमेकडं वळते आणि लोक अस्थी सोडतात. तिथल्या भटजींनी डबा बघितला, नाव विचारलं.

"सयाजीराव घाटगे," अज्जा म्हणाले.

"कधी वारले?"

"काल."

"वय?"

अज्जांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "शंभरी गाठली होती." भटजी म्हणाले, पुण्यवान माणूस.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी छत्राच्या शंभरीचा समारंभ. हॉल भरलेला. चित्र परत भिंतीवर, त्यावर मखमली पडदा, आणि खाली माझी पितळी पाटी, जी मालोजीरावांच्या प्लंबरनं आदल्या दिवशीच चार स्क्रूंनी पक्की केली होती. प्लंबरला कुणी काही सांगितलं नव्हतं. मालोजीरावांनाही नाही, अज्जांनी आभाला तसं सांगून ठेवलं होतं. "मी सांगणार," ते म्हणाले होते, "माझं आहे ते."

पडदा सरकला. निळा समुद्र बघून बायका 'अय्या' म्हणाल्या. मग पुढच्या रांगेतल्यांनी पाटी वाचली, आणि बोटानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. परत मोजलं. उजवीकडूनही मोजून बघितलं.

अज्जा माइकपाशी गेले. "मंडळी," ते म्हणाले. "चित्रात आमचं कुणी नाही. आम्ही ज्याला सयाजीराव म्हणत होतो ते कुंकू होतं. खाली शेळी आहे."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

"टाळ्या नकोत. मी खरं सांगायलोय. शेळी आहे ती."

टाळ्या वाढल्या. मालोजीरावांनी डोळे टिपले आणि दुसरा माइक घेतला. "बघा! याला म्हणतात घराणं. एवढ्या मोठ्या सरदाराचा वंशज, पण अहंकार आहे का? स्वतःच्या पूर्वजाला शेळी म्हणतोय!"

"मालोजी, मी म्हणत नाही. ती शेळीच आहे. डोळे आहेत न्हवं तुला?"

तिसऱ्यांदा शेळी म्हटल्यावर त्यांचा सत्कार झाला. शाल, चंदनाचा हार आणि म्हैसूर पेटा. आपल्या घराण्यात पागोट्याचा कुणी सरदार नव्हता असं सांगत असलेल्या माणसाच्या डोक्यावर मालोजीरावांनी जरीची पगडी ठेवली आणि ती कानापर्यंत घट्ट बसवली. अज्जा पगडीखालून बघत राहिले.

पण मालोजीराव व्यापारी माणूस. गळती कुठं आहे ते त्यांना लांबून दिसतं. भाषण करता करता ते चित्राजवळ गेले, थबकले आणि चष्मा काढून परत लावला.

"थांबा. शेळीच्या गळ्यात दोरी आहे."

होती.

"दोरी कुठं जातीय? डोलकाठीच्या मागं. आणि तिथं बघा, काय आहे? हात!"

खरंच होता. डोलकाठीच्या आडून एक हात बाहेर आला होता, दोरी धरलेला. माणूस दिसत नव्हता.

"मंडळी," मालोजीरावांनी माइक तोंडाजवळ ओढला, "आमचं सुर्व्यांचं घराणं म्हैसूरच्या फौजेत कुठल्या खात्यात होतं? दाणावैरण! जनावरं कोण सांभाळायचं? आम्ही. हा हात कुणाचा हे मी सांगायला पाहिजे का?"

कुणी म्हणालं, खरंच की. कुणी म्हणालं, मनगट सुर्व्यांसारखंच आहे. मालोजीरावांनी आपलं मनगट चित्राशेजारी धरलं आणि लोकांनी फोटो काढले. मी स्टेजवर चढून अज्जांच्या कानाशी गेलो.

"अज्जा, हात आपला म्हणा. शेळी शंभर वर्षं आपल्याकडं होती. दोरी आपलीच लागते. कोण नाही म्हणणार?"

अज्जा मला ढकलत चित्राजवळ गेले. त्यांनी एक डोळा मिटला. हॉलमधले सगळे पुढं सरकले, कारण घाटगे आता काय म्हणतात यावर हाताचा निकाल होता. आभा बायकांच्या रांगेत उभी राहिली. अज्जा वाकून त्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील. मला वाटतं त्यांनाही तसंच वाटलं असावं.

"मालोजी," ते शेवटी म्हणाले, "बाही निळी आहे. सोन्याचं बटण आहे. गोऱ्याचा हात आहे हा. तुझाही नव्हे, माझाही नव्हे."

"मामा," मालोजीराव हात जोडून म्हणाले, "आता तुम्ही फारच विनम्र होताय."

छत दणाणलं.

एका आठवड्यात पाटी बदलली. नवी पाटी मेटगळ्ळीच्या त्याच वर्कशॉपमधून आली, त्या कामालाही मीच गेलो. 'डोलकाठीमागे : सरदार मालोजीराव सुर्वे (थोरले)'. इंग्रजीत यांना व्हाइस अ‍ॅडमिरल केलं होतं. त्यामुळे अज्जांना जरा बरं वाटलं. आभानं चित्रासमोर काच बसवून घेतली होती, आणि काचेला काय लावायचं ते लावा, म्हणाली होती.

आयुधपूजेला मालोजीराव पहिले उभे. जरीचं उपरणं, हातात ताट. त्यांनी हाताच्या जागी काचेवर तुपातलं कुंकू लावलं. ते घसरलं. परत लावलं. मागं समाजाची रांग, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. अज्जांची आणि माझी जागा सगळ्यांत शेवटी, ग्राइंडरच्या पलीकडं, कारण अज्जीनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं आणि उशीर झाला होता.

अज्जा जन्मात कधी रांगेच्या शेवटी उभे राहिले नव्हते. ते आजूबाजूला बघत होते. मागं कुणी पूजेकडं बघत नव्हतं. एक जण आपल्या सरगूरच्या शेतात घुसणाऱ्या हत्तींबद्दल बोलत होता, दुसरा जावयाबद्दल. दोघांची तक्रार साधारण एकच होती.

"इथं मागं असं असतं?" अज्जांनी मला विचारलं.

"नेहमीच."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. पगडीविना त्यांचं डोकं फारच लहान वाटत होतं. मी त्यांच्याकडं न बघता ग्राइंडरकडं बघत होतो. मग ते म्हणाले, "पुनीत, ही लढाई जिंकली कोण रे?"

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या या लढाईची पूजा झाली, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मी आभाला विचारून ठेवलं होतं, तेच सांगितलं. दोन्हीकडून पुष्कळ तोफा उडाल्या, माणसं मेली, पण जहाज एकही बुडालं नाही. इंग्रज मद्रासला परत गेले. आणि मुख्य म्हणजे, तिकडं युरोपात दोघांचा तह काही महिन्यांपूर्वीच झाला होता. बातमी अजून वाटेत होती.

"म्हणजे लढले तेव्हा लढाई संपली होती?"

"हो."

"आणि कुणाला ठाऊक नव्हतं?"

"तिथं कुणालाच नाही."

"मग उगीचच झाली की!" अज्जा इतक्या मोठ्यानं म्हणाले की पुढचा हत्तीवाला वळला.

"काय झालं, मामा?"

"अरे ही लढाई. उगीचच झाली. तह आधीच झालता."

"हौदा? खरंच?" हत्तीवाल्यानं जावईवाल्याला कोपरानं ढोसलं. जावईवाला वळला. "आणि मामा, ते शेळीचं खरंय काय? मला वाटलं तुम्ही आपलं मोठेपणानं..."

"मोठेपण कसलं! नीट ऐक." अज्जांनी वरचं बटण लावलं. "आधी तोफेवरून बोट घसरलं. कुणाचं? माझ्या आज्याचं असणार, त्याचा हात थरथरायचा. मग दरवर्षी एक थर. हळद खाली, कुंकू वर. मिशी काजळीची. आता तिचा रंग बघ आणि बाकीच्या चित्राचा बघ. सगळं उडालंय. ती तेवढी ताजी. कुणी राखली तिला? शंभर वर्षं तुपात ठेवलीय आम्ही."

तिसरा वळला. चौथ्यानं विचारलं, तांदळाची कट्यार म्हणजे काय? अज्जांनी त्याच्यासाठी परत पहिल्यापासून सुरुवात केली. घोडा कुठं बांधला होता असं कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, घोडा नव्हताच, सगळं सांगतो, थांब. बायकांच्या रांगेतूनही दोघी-तिघी इकडं सरकल्या. अज्जीनं त्यांना विधवेची बाजू सांगायला घेतली. हळूहळू आख्खी रांग उलटी फिरली, आणि पुढं मालोजीराव आरती घेऊन वळले तेव्हा त्यांच्यासमोर समाजाच्या फक्त पाठी होत्या.

"मंडळी, आरती!" ते ओरडले. "कोण बोलतंय मागं?"

"तुझं चालू दे, मालोजी," अज्जा मागून म्हणाले. "आम्ही अजून मिशीपर्यंतच आलोय."